कामाक्षीबाईसाहेबांचा दावा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्या समाजात रूढ झाली, त्याच समाजात कोर्टाच्या निकालांइतके दुसरे काहीही गोडीने न वाचणारी माणसे निपजावीत, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या कुटुंबात असे एखादे काका किंवा आजोबा होऊन गेले असतील. त्यांनी वकिलीची सनद कधी घेतली नाही. परंतु वर्तमानपत्र हाती येताच प्रथम खटल्यांचे पान उघडावे, दत्तकाचा वा वाटणीचा विषय निघताच ताटावरचा हात थांबवून निकालांचे दाखले द्यावेत, असा त्यांचा परिपाठ असे. फार दूर कशाला, परमुलखातील आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांतही घटनेच्या एखाद्या कलमात ‘आणि’ आहे की ‘किंवा’, यावरून जेवणाची पाने खोळंबलेली आपण पाहिली आहेत. अशा मंडळींची आपण थट्टा करतो, आणि ती त्यांना आवडतेही. तथापि या आवडीला एक इतिहास आहे, आणि त्याची काही महत्त्वाची पाने महाराष्ट्राबाहेर, कावेरीच्या काठी लिहिली गेली आहेत. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात ती पाने वाचकांपुढे ठेवावीत, असे आम्हांस वाटले.

तामिळनाडूतील कुंभकोणम हे नगर आज बहुतेकांना कुंभेश्वराचे व शार्ङ्गपाणीचे मंदिर, बारा वर्षांनी भरणारा महामहम आणि पितळी पेल्यातील कॉफी यांमुळे ठाऊक आहे. परंतु १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर हस्तगत केल्यापासून पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हा सारा मुलूख भोसल्यांच्या छत्राखाली होता. त्यांच्या पाठोपाठ आलेली कारकून, शास्त्री, मुत्सद्दी आणि सरदार यांची घराणी येथे स्थायिक झाली. आजूबाजूचे तमिळ लोक यांतील देशस्थांना ‘रायर’ म्हणू लागले. घरात मराठी, दारात तमिळ, पूजेत संस्कृत आणि हिशेबाच्या वहीत मोडी, असा या मंडळींचा संसार. राज्य गेल्यावरही लेखणी गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मद्रास इलाख्यातील कित्येक कलेक्टर-कचेऱ्यांत वसुलाचे हिशेब मराठीत ठेवले जात. त्याच शतकाच्या पूर्वार्धात कंपनीचे दिवाणी कोर्ट कुंभकोणमला असे आणि मद्रासच्या सदर अदालतीच्या छापील निकालांत या गावाचे नाव पुनःपुन्हा भेटते. तलवार ठेवून कागद हाती घेतलेल्या समाजाला कोर्ट हे नवे रणांगण वाटले, तर त्यात नवल नाही.

परंतु कागदाने राज्य मिळते आणि कागदानेच जाते, हा धडा या मुलखाला कोर्टे येण्यापूर्वीच मिळालेला होता. १७८७ साली तुळजाजीराजांनी मृत्युशय्येवर दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. राजांचे बंधू अमरसिंह यांनी त्या दत्तकास हरकत घेतली. मुलगा आपल्या जनक पित्याचा एकुलता एक, शिवाय वयाने मोठा; तेव्हा हे दत्तविधान शास्त्राला धरून आहे काय, असा प्रश्न निघाला. मद्रासच्या गव्हर्नरने बारा पंडितांची सभा बसविली. दत्तक अशास्त्र, असा तिचा कौल पडला आणि अमरसिंह गादीवर बसले. पुढे गव्हर्नर-जनरलच्या काळात तोच प्रश्न बंगाल व काशी येथील पंडितांकडे गेला. तेथून कौल नेमका उलट आला आणि १७९८ साली सरफोजीराजे सिंहासनारूढ झाले. अमरसिंह कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरांवरील तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले. शास्त्र तेच, मुलगा तोच; मधल्या अकरा वर्षांत बदलली होती ती प्रश्न विचारणाऱ्याची सोय. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला आणि बदल्यात वर्षाला एक लक्ष होन व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे त्यांच्याकडे उरले. एकुलता एक मुलगा दत्तक देता येतो की नाही, हा मूळ वाद मात्र पुढे शंभर वर्षे चालत राहिला. १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, मद्रासकडूनच गेलेल्या एका अपिलात, असा दत्तक वैध ठरविला. हा निकाल वाचताना तिरुविडैमरुदूरच्या त्या पदच्युत राजाची आठवण ज्याला होते, तोच खरा कायद्याचा रसिक, असे आम्ही समजतो.

या वातावरणात कुंभकोणमला दोन मराठी मुले वाढली. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म येथे १८२८ साली झाला, दिवाणबहादुर आर. रघुनाथराव यांचा १८३१ साली. दोघे चुलतभाऊ. माधवरावांनी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविले, हे सर्वश्रुत आहे. रघुनाथरावांचे नाव त्या मानाने मागे पडले. तेही इंदूरचे दिवाण होते. परंतु त्यांचा खरा ध्यास विधवाविवाहाचा. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता मिळाली होती. मात्र कायद्याने दिलेली मोकळीक समाज मानीत नव्हता. रघुनाथरावांनी शास्त्रार्थाचा मार्ग धरला. सनातनी मंडळी ज्या ग्रंथांचे दाखले देत, तेच ग्रंथ उघडून, त्यांतील वचने लावून, विधवाविवाह आणि प्रौढविवाह यांना शास्त्राचा आधार आहे, असे ते प्रतिपादन करीत. १८८७ साली न्यायमूर्ती रानडे यांच्यासमवेत त्यांनी राष्ट्रीय सामाजिक परिषद उभी केली. तिचे पहिले अधिवेशन मद्रासला भरले व अध्यक्ष होते माधवराव. एखाद्या वचनाचा अन्वय कसा लावावा, या काथ्याकुटास कंटाळणारांनी हे लक्षात घ्यावे, की त्या अन्वयावर कोठल्या तरी घरातील पंधरा वर्षांच्या मुलीचे सारे आयुष्य अवलंबून होते.

रघुनाथराव ऐन पंचविशीत असताना कुंभकोणमपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, तंजावरच्या राजवाड्यात, जो प्रसंग घडला, तोच या लेखाचा मुख्य विषय होय.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी हे निधन पावले. त्यांना पुत्र नव्हता. मागे अनेक राण्या आणि कन्या होत्या. कन्येला गादी द्यावी, असे तेथील रेसिडेंट फोर्ब्स यांनी सुचवून पाहिले. ते मान्य झाले नाही. राज्य संपुष्टात आले, असे कंपनीने ठरविले आणि १८५६ च्या ऑक्टोबरात याच फोर्ब्ससाहेबांनी शिपायांच्या पहाऱ्यात राजवाड्याचा ताबा घेऊन खजिन्याला व कोठ्यांना मोहरा लावल्या. राज्य नावापुरतेच उरले होते, तेव्हा ते गेल्याचे दुःख एक वेळ गिळता आले असते. परंतु जडजवाहीर, जमिनी, ग्रंथसंग्रह, राजांची खासगी मिळकत, हे सर्वच सरकारजमा झाले. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी यावर जे केले, ते त्या काळच्या पडदानशीन राजस्त्रीकडून कोणी अपेक्षिले नव्हते. त्यांनी कंपनीवर मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. वकील होते जॉन ब्रूस नॉर्टन. कंपनीच्या खालसा-धोरणावर पुढे १८५७ साली पुस्तक लिहून त्यांनी कडक टीका केली.

दाव्याचा मुद्दा साधा होता. राज्य घेतलेत, त्याबद्दल वाद नाही. पण नवऱ्याची खासगी मिळकत ही हिंदू कायद्याप्रमाणे विधवेची, ती कोणत्या हक्काने घेतलीत? मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने राणीच्या बाजूने निकाल दिला. इंग्रजांच्याच कोर्टाने इंग्रजांच्या कंपनीविरुद्ध, आणि तोही एका मराठी विधवेच्या दाव्यात! ही वार्ता कावेरीकाठच्या ओसऱ्यांवर कशी ऐकली गेली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेली. हा वाद कोर्टांत चालू असतानाच १८५७ चा उठाव झाला, १८५८ साली कंपनीचे राज्य संपले, आणि वादीप्रतिवादींतील एका पक्षाचे नावच बदलले. म्हणून १८५९ सालचा हा निकाल ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध कामाची बोये सहाबा’ या नावाने प्रसिद्ध आहे. इंग्रज लेखनिकाच्या कानाने घडविलेले हे नाव कायद्याचे विद्यार्थी आजही उच्चारतात. आपण एका मराठी राणीचे नाव घेत आहोत, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

राणी हरली. लॉर्ड किंग्जडाउन यांनी दिलेल्या या निकालाचे सूत्र ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’, म्हणजे राज्यसत्तेने सत्ता म्हणून केलेली कृती, हे होय. कौन्सिलने प्रश्न असा घातला: कंपनीने ही मिळकत कोणत्या नात्याने घेतली? एखाद्या सामान्य मालकाप्रमाणे कायद्याच्या हक्काचा दाखला देऊन घेतली असेल, तर तो हक्क खरा की खोटा हे कोर्ट तपासू शकेल. परंतु एका राज्याने दुसऱ्या राज्यावर लष्करी बळाने व आपल्या मर्जीने केलेली ती कृती असेल, तर देशातील दिवाणी कोर्टाला तीत शिरण्याचा अधिकारच नाही. तंजावरला घडले ते दुसऱ्या प्रकारचे, असे कौन्सिलला दिसून आले. सबब दावा चालविण्याचा अधिकार मद्रासच्या कोर्टाला नव्हता.

येथपर्यंत वाचून सामान्य वाचक पुस्तक मिटतो. निकालाचा रसिक मात्र तेथेच अधिक सावध होतो. कारण याच निकालपत्रात कौन्सिलने असेही नमूद केले आहे, की राजाच्या मृत्यूनंतर त्याचे राज्य वा मिळकत यांवर कंपनीचा कोणताही कायदेशीर हक्क या कागदपत्रांतून शोधून काढणे अत्यंत कठीण आहे. ही कृती न्याय्य होती की अन्याय्य, शहाणपणाची होती की नव्हती, याचा विचार आपण करू शकत नाही, असेही त्यात म्हटले आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कंपनीचे वागणे योग्य होते, असे कोर्टाने कोठेही म्हटले नाही. उलट, हक्काचा आधार सापडत नाही, म्हणूनच ही बळाची कृती ठरते. आणि बळाची कृती, म्हणून ती कोर्टाच्या आवाक्याबाहेर! कृतीला कायद्याचा आधार जितका कमी, तितकी ती कायद्यापासून अधिक सुरक्षित, असा हा विलक्षण पेच आहे. ‘आम्हांला विचारण्याचा अधिकार नाही’ आणि ‘अन्याय झाला नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. कायद्याच्या बारकाव्यांत रमणारा मनुष्य जन्मभर जर काही शिकत असेल, तर तो हाच भेद. निकालाच्या शेवटच्या ओळीने राणीची मिळकत नेली. पण त्याच निकालाच्या पोटातील एका वाक्याने कंपनीची बाजू जगापुढे कायमची उघडी करून ठेवली. राणीने दावाच लावला नसता, तर हे वाक्य कोणाच्या लेखणीतून उतरले असते?

या हरलेल्या दाव्याचे फळ निराळ्या वाटेने आले. १८६२ साली मद्रास सरकारने ही मिळकत राण्यांना परत देण्याचा हुकूम काढला. मिळकत ज्येष्ठ राणीच्या ताब्यात व व्यवस्थेत राहावी, इतर राण्यांच्या उपभोगाची योग्य तरतूद तिने करावी, शेवटची राणी वारल्यावर ती राजांच्या कन्येकडे जावी, आणि कन्या नसेल तर राजांचे जे कोणी पुढचे वारस असतील त्यांच्याकडे जावी, असा त्याचा आशय होता. हुकूम कृपेचा होता. पण त्यातील प्रत्येक शब्दावर पुढे दोन पिढ्यांच्या वकिलांनी संसार थाटले.

पहिला प्रश्न राण्यांतच निघाला. मिळकत ज्येष्ठ राणीची एकटीची, की सर्वांची? जिजयांबाबाईसाहेब विरुद्ध कामाक्षीबाईसाहेब या दाव्यात १८६८ साली मद्रास हायकोर्टाने ठरविले, की सर्व राण्या मिळून एकत्र वारस होत. उपभोग सर्वांचा समान, एक गेली की तिचा हक्क मागे राहिलेल्या राण्यांकडे, आणि ज्येष्ठ राणीकडे फक्त व्यवस्था. ज्या राणीने साम्राज्याशी सामना दिला, तीच या दाव्यात प्रतिवादी होती, हे पाहून मन क्षणभर खिन्न होते. परंतु धाकट्या राण्यांचाही हक्क होता, आणि तो मागण्याची वाट थोरलीनेच घालून दिली होती. या निकालाचा दाखला पुढे सवत-विधवांच्या हक्कांसंबंधी देशभर दिला जाऊ लागला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हा विषय नव्याने मांडला जाईपर्यंत, कोठल्याही खेड्यातील दोन विधवांच्या भांडणात तंजावरच्या राण्या साक्षीला उभ्या राहात.

दुसरा प्रश्न ‘पुढचे वारस’ या शब्दांतून उद्भवला, आणि तो अधिक दाहक होता. राण्यांचा काळ संपल्यावर अनेक दावेदार पुढे आले, त्यांत कोल्हापूरचे महाराजही होते. राजांच्या विवाहबाह्य संततीला वारसा पोचतो काय, हा त्यातला एक कळीचा मुद्दा. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे अशा पुत्राला त्रैवर्णिकांत फक्त अन्नवस्त्र मिळे, शूद्रांत मात्र हिस्सा मिळे. झाले! मिळकतीच्या वादातून, तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, हा प्रश्न कोर्टासमोर आला. १९२४ साली मद्रास हायकोर्टाने प्रदीर्घ निकालपत्र लिहून उत्तर दिले ते शूद्र असे. ज्या कोल्हापुरात काही वर्षांपूर्वी वेदोक्ताचे वादळ उठून गेले होते, तेथे हे उत्तर कसे बोचले असेल, हे सांगावयास नको. आणि चारच वर्षांनी, १९२८ साली, मुंबई हायकोर्टाने दुसऱ्या एका दाव्यात पाच कुळी व शहाण्णव कुळी मराठे हे क्षत्रिय होत, असा निर्णय दिला. दोन्ही निकाल विद्वान न्यायाधीशांचे. समोर आलेला पुरावा वेगळा, पक्षकार वेगळे, उत्तर वेगळे. कोर्टाचा निकाल म्हणजे ठरावीक पक्षकारांमधील ठरावीक प्रश्नाचे उत्तर होय. साऱ्या समाजाच्या कपाळी मारलेला तो शिक्का नव्हे. हा विवेक निकालाची फक्त बातमी वाचणाऱ्याला राहात नाही, निकाल वाचणाऱ्याला राहतो. कायद्याच्या छंदाचा आम्हांस हा दुसरा लाभ वाटतो.

या छंदाची दुसरी बाजू आम्ही लपवू इच्छीत नाही. दाव्यांपायी घरे बसली, भावाभावांतील बोलणे तुटले, वाटणीस जमीन उरली नाही तरी वाटणीचा वाद उरला, अशी उदाहरणे कावेरीकाठी आहेत तशीच कृष्णाकाठीही आहेत. म्हण रचणारे पूर्वज मूर्ख नव्हते. तरीही तंजावरच्या त्या वादग्रस्त वैभवातील सर्वांत मोलाचा ठेवा कोर्टाच्या वाटणीतून सुटला, ही गोष्ट मनाला दिलासा देते. सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय वारसदारांनी लोकांना अर्पण केले, त्याच्या व्यवस्थेसाठी एक लाख रुपये बाजूला काढले, आणि १९१८ साली ते सार्वजनिक झाले. त्यातील संस्कृत पोथ्यांची मोठी सूची १८८० साली प्रसिद्ध झाली होती. ती करणारे आर्थर बर्नेल हे तंजावरचे जिल्हा न्यायाधीश होते! दिवसा दावे ऐकावेत आणि उरल्या वेळी राजवाड्यातील पोथ्या चाळाव्यात, हा त्यांचा क्रम. हिंदू दायभागावरील जुने ग्रंथही त्यांनी इंग्रजीत आणले. कायद्याच्या रसिकांना जात, धर्म, देश नसतो, याचे एवढे उदाहरण पुरे.

कामाक्षीबाईसाहेबांचे नाव स्वतंत्र भारताच्या न्यायालयांतही थांबले नाही. संस्थाने विलीन झाल्यावर, जुन्या राजाने दिलेले हक्क नव्या सरकारवर बंधनकारक आहेत काय, असे दावे उभे राहिले. १९६४ साली गुजरातमधील व्होरा फिदाअलींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’चा तोच सिद्धान्त पुन्हा तपासला. शंभर वर्षांपूर्वी एका राणीविरुद्ध वापरलेले शस्त्र आता प्रजासत्ताकाच्या हाती होते, आणि ते किती चालवावे, यावर न्यायमूर्तींतच मतभेद झाले. प्रश्न अजून मिटलेला नव्हता, हाच याचा अर्थ.

परमुलखात राहणाऱ्या आपणा मंडळींना या इतिहासाचे काय? आम्हांस वाटते, पुष्कळ आहे. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत आणि आपल्या मुलखात असतो, तेव्हा आपला शब्द लोक तोंडावर मानतात. दूर गेल्यावर तो कागदावर असावा लागतो. तंजावरच्या राणीजवळ सैन्य नव्हते, राज्य नव्हते, परक्यांच्या भाषेतले एक अक्षर बोलता येत नसावे. तिने आपले म्हणणे रीतसर लिहून परक्यांच्या कोर्टापुढे ठेवले. ती हरली, पण नोंदली गेली. त्या राजवाड्यात तिच्यासह ज्या अनेक राण्या होत्या, त्यांपैकी ज्यांनी दावा लावला वा ज्यांच्यावर लागला, त्यांचीच नावे आज आपणांस ठाऊक आहेत.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एक विनंती आहे. आपल्या मंडळाची पहिली इतिवृत्ते, घटनेचे मसुदे, जागेचे करार, आणि हो, कलमांवरून झालेल्या वादांची टिपणेही, रद्दीत जाऊ देऊ नयेत. कोणाच्या घरी आजोबांच्या पेटीत मोडीतील खरेदीखत वा फैसलनामा असेल, तर तो वाचता येत नाही एवढ्यासाठी टाकू नये. वाचणारे अजून आहेत. आणि पुढील वार्षिक सभेत एखादे काका ‘मुद्दा हरकतीचा’ म्हणून उठले, तर पाने आणखी पाच मिनिटे वाढू नयेत आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात पुरते उतरवून घ्यावे. भात निवला तर पुन्हा ऊन करता येतो.